काळी माती आणि सायकलचं मडगार्ड

आज पिकाची नोंद नाही, सायकलची आहे.

परवाच्या पावसानंतर पुतणीची सायकल पांदणीत रुतली. मागच्या मडगार्डात मातीचा गच्च लोळा बसलेला, चाक फिरेना. तिनं जोर लावला तशी मडगार्डची सळई रिबिटातून निसटली. शाळेचे दोन तास बुडाले. "काका, हे मडगाड काढूनच टाका ना," म्हणाली. आमच्या आजोबांनी त्यांच्या सायकलचं तेच केलं होतं. मग सदऱ्याच्या पाठीवर चिखलाची रेघ घेऊन ते बाजाराला जायचे.

दोष पोरीचा नाही आणि सायकलचाही नाही. हा साचाच इंग्लंडातला. 1885 ला स्टार्लीची 'रोव्हर' आली, 1888 ला डनलॉपचा हवेचा टायर. तिथले रस्ते खडीचे. मडगार्डाचं काम पाण्याचे शिंतोडे अडवणं. म्हणून टायर आणि पत्रा यांत बोटभर जागा ठेवली तरी भागायचं. आपल्या भारी काळ्या रानात निम्म्याहून जास्त चिकणमाती, तीही पाणी पिऊन फुगणारी. वाफसा यायच्या आत चाक घातलं की थरावर थर चढतो, अन् बोटभर जागा शंभर पावलांत भरते.

जालन्याला रेल्वे आली ती 1900 च्या सुमारास, मनमाड-हैदराबाद मीटरगेज. मुलूख निजामाचा. त्या काळात सायकल म्हणजे इंग्लंडचा माल. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय (1949), सोनीपतला अ‍ॅटलस (1951), लुधियानात हिरो (1956) उभे राहिले, पण साचा तोच ठेवला: 28 इंची चाक, सळईचे ब्रेक, काळं पत्र्याचं मडगार्ड. मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टासुद्धा तिकडचाच. रात्री मागून सायकल दिसावी यासाठी तिथं पांढरा रंग सक्तीचा केला होता. तो पट्टा आपल्या शिवारातही राहिला!

साचा बदलला नाही याला कुणी आळस म्हणेल. मला त्यात शेतकऱ्याची सोय दिसते. कुंडलिका ओलांडून नवीन जालन्यात गेलो. वडिलांच्या जुन्या सायकलसाठी सळई मागितली, तर दुकानदारानं कंपनी न विचारताच काढून दिली. पुतणीची सायकल नव्या घडणीची. तिच्यासाठी दोन दुकानांत "आमच्याकडं नाही" ऐकलं. तिसऱ्यानं तुटका तुकडा मागितला, तो मी नशिबानं खिशात घातला होता. ज्याला जायचं त्यानं जुना भाग सोबत न्यावाच. तोंडी माप चालत नाही.

सळई मुद्दाम अर्धा इंच लांब घेतली. त्यानं मडगार्डाचं मागचं टोक टायरपासून थोडं दूर जातं, चिखलाला बाहेर पडायला वाट मिळते. रिबिटाच्या जागी बारीक नट-बोल्ट टाकला, डोकं आतून आणि नट बाहेरून. उलटं बसवलं तर बोल्टचं टोक आत येतं, माती तिथंच धरते आणि टायरलाही घासतं. पत्र्याचं भोक फाटून मोठं झालं होतं, तिथं रुंद वायसर आणि खाली जुन्या ट्यूबची चकती. रबरामुळं खडखड थांबते आणि पत्रा पुन्हा चिरत नाही. एक्सलचे नट आवळताना चाक दोन्ही बाजूंनी मधोमध आहे का ते बघितलं. इथं घाई केली तर ब्रेक एका अंगाला घासतो.

पुढच्या चिमट्याखालची जागा मात्र कमीच राहिली. तिला इलाज सापडला नाही. पऱ्हाटीची एक काडी सुतळीनं कॅरिअरला बांधून दिली.

सोमवारी पुन्हा पाऊस झाला. पोरगी वाटेत एकदा थांबली, काडीनं पुढचं चाक कोरलं आणि पहिल्या तासाला पोचली.