बीडची खजाना विहीर आणि पाण्याचा जमाखर्च

बीड शहराच्या दक्षिणेस सुमारें सहा किलोमीटरांवर एक रुंद, चिरेबंदी विहीर आहे. तिला खजाना विहीर म्हणतात. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानें ती बांधविली. बांधकामाची देखरेख राजा भास्कर नांवाच्या स्थापत्यकारानें केली, असें सांगतात. अहमदनगरच्या खजिन्यांत भरावयाची रक्कम खानानें लोकहितासाठीं या विहिरीवर खर्चिली, म्हणून तिला हें नांव पडलें, अशी आख्यायिका आहे. तिच्यासंबंधीं दुसरी एक समजूत याहूनहि दृढ आहे: कितीहि अवर्षण पडो, तिचें पाणी चढत नाहीं आणि उतरतहि नाहीं.

या समजुतीकडे केवळ कौतुकानें पाहून भागत नाहीं. विहिरीला तीन भुयारी वाटा आहेत. दोहोंतून पाणी आंत येतें आणि तिसरींतून तें बाहेर पडून खालच्या अंगाच्या शेतीस मिळतें, अशी तिची रचना. ज्या विहिरीस बाहेर जाण्याची वाट आहे, तिचें पाणी त्या वाटेच्या उंबरठ्यावर फारसें चढत नाहीं. आणि आंत येणारा ओघ कांहींसा आटला, तरी तें उंबरठ्याच्या बेतानें टिकून राहतें. घटतो तो बाहेर जाणारा प्रवाह. तेव्हां पातळी स्थिर दिसली एवढ्यावरून भूगर्भांतील सांठा अबाधित आहे, असा निष्कर्ष काढणें धोक्याचें आहे. अशा विहिरीच्या बाबतींत पातळीपेक्षां प्रवाहच मोजला पाहिजे.

जिल्ह्यांतील सामान्य विहिरींना अशी वाट नसते. त्यांचें पाणी पावसाबरोबर चढतें आणि उपशाबरोबर उतरतें. मोटेच्या काळीं शेतकरी विहिरीची खोली परसांत सांगत, आणि बारवेंत उघड्या पडलेल्या पायऱ्यांवरून पाण्याचा अंदाज बांधीत. रोजच्या व्यवहारास तो अंदाज पुरे होता. परंतु तो लिहून ठेवलेला नसे. त्यामुळें आजोबांच्या काळचें पाणी आणि नातवाच्या काळचें पाणी यांची तुलना करण्यास आठवणीवांचून दुसरें साधन नव्हतें.

१९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अस्तित्वांत आली, आणि निवडक निरीक्षण विहिरींची पद्धतशीर नोंद होऊं लागली. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजणी करून ती मागील पांच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहण्याची तिची पद्धत आहे. काम दिसण्यांत सोपें असतें. कठड्यावरील एका कायम खुणेपासून पाण्यापर्यंत फीत सोडावयाची, आणि त्या मापांतून कठड्याची उंची वजा करावयाची. जें उरतें, ती जमिनीपासूनची पाण्याची खोली. मात्र खूण दर वेळीं तीच हवी. पंप नुकताच बंद झालेला असेल, तर विहीर भरून येईपर्यंत थांबावें. नाहीं तर जो आकडा मिळतो, तो पंपाचा असतो, भूजलाचा नव्हे. साध्या विहिरीचा आणि खोल विंधण विहिरीचा आकडाहि एका रकान्यांत मांडूं नये, कारण दोहोंचें पाणी खडकाच्या निरनिराळ्या थरांतलें असूं शकतें.

मोजण्याहून अवघड तें वाचणें. बीडच्या भूमीखालीं काळा पाषाण आहे. त्यांतील मुरूम आणि मांजऱ्या खडक यांच्या शंभर भागांतून साधारणपणें एक ते तीन भागच पाणी निथळून हातीं येतें. हें प्रमाण दोन धरलें, तर पाणी पांच मीटर चढलें याचा अर्थ जमिनींत अवघें दहा सेंटिमीटर पाणी मुरलें. विहीर तुडुंब दिसते, सांठा मात्र ओंजळभर! ऑक्टोबरचा आकडा वर्षाची जमा सांगतो, मे महिन्याचा आकडा शिल्लक सांगतो. ऑक्टोबरचेंच पाणी खालीं असेल, तर प्रथम त्या वर्षीचा पाऊस पाहावा. ऑक्टोबरचें पाणी नेहमींच्या जागीं असून मार्चपर्यंत तें झपाट्यानें उतरलें असेल, तर दोष आकाशाला देतां येत नाहीं. तो उपशाचा असतो. आणि पाऊस बरा होऊनहि वर्षानुवर्षें मे महिन्याची शिल्लक घटत गेली, तर तो मुद्दल खाल्ल्याचा पुरावा समजावा.

धरण आटलें, तर तें साऱ्यांच्या डोळ्यांना दिसतें. केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें, तेव्हां एप्रिल १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, एप्रिल २०१६ मध्यें, त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. भूगर्भांतील सांठा आटतांना मात्र कोणास दिसत नाहीं. तो केवळ वहींतील आकड्यांत दिसतो. ती वही सुकाळांतहि लिहिली गेली, तरच दुष्काळांत तिचा उपयोग होतो. सलाबतखानानें खजिना विहिरींत घातला, असें लोक सांगत आले. तो खजिना आज किती उरला आहे हें कळण्यास आख्यायिका पुरत नाहीं. तेथें जमाखर्चच मांडावा लागतो.