अनेक महिने उभ्या असलेल्या गाडीचे ब्रेक का लागत नाहीत? ते पूर्ववत कसे करायचे?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत दारात गाडी असली तरी रोजचा प्रवास लोकलचाच. कव्हर घातलेली गाडी सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर निघते ती थेट गणपतीला गावी जाताना. २५ मार्च २०२० पासून लॉकडाऊन लागला, तेव्हा तर कित्येक गाड्या महिनोन्‌महिने जागच्या हलल्या नाहीत. अशी गाडी सुरू होत नसेल तर बॅटरीचा दोष लगेच कळतो. ब्रेकचा मात्र रस्त्यावर गेल्यावरच कळतो.

ब्रेकची डिस्क ओतीव लोखंडाची असते. पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्यावर एका रात्रीतही तांबूस गंज चढतो, खाडीकाठी तर आणखी लवकर. हा वरवरचा गंज असेल तर घाबरण्याचे कारण नाही. हळू चालवत आठ-दहा वेळा ब्रेक दाबले की पॅड तो खरवडून काढतात, खरखर थांबते आणि पकड परत येते. डिस्कवर नखाला लागतील असे खड्डे पडले असतील, तर मात्र ती घासून घ्यावी किंवा बदलावी लागते. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या की गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढते.

हँडब्रेक ओढून ठेवलेल्या गाडीत मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढायची नाही. लायनर निखळू शकतो. मेकॅनिक ड्रम हलक्या हाताने ठोकून मोकळा करतो, आतली धूळ साफ करतो आणि चकाकी आलेले लायनर पॉलिश पेपरने घासतो. आवाज येतो म्हणून लायनरवर तेल सोडणे हा घरगुती उपाय तर जीवघेणाच. स्कूटरच्या ड्रम ब्रेकमध्ये बहुतेकदा केबल गंजून जड झालेली असते. ती बदलून चाकाजवळचा नट कसला की काम होते.

खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. तो ब्रेक ऑइलमध्ये असतो. नेहमीचे डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. डोंबिवलीच्या सपाट रस्त्यावर, तीस-चाळीसच्या वेगात त्याचा पत्ताही लागत नाही. पण माळशेज घाटातून कल्याणकडे उतरताना सतत ब्रेक दाबले की ऑइल तापते, त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल सरळ तळाला जाते. गाडी वर्ष-दोन वर्षे उभी असेल तर ऑइल पूर्ण बदलून घेणेच शहाणपणाचे. नवे ऑइल सीलबंद बाटलीतलेच हवे, आणि झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच.

पेडल पायाखाली कसे लागते, यावरून दोष बराच ओळखता येतो. स्पंजासारखे मऊ लागले तर लाइनमध्ये हवा शिरली आहे. ती काढावी लागते. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत राहिले, तर मास्टर सिलिंडरचे सील गेले असावे किंवा कुठेतरी गळती असावी. पेडल दगडासारखे कडक असेल तर व्हॅक्यूम बूस्टरचा पाइप तपासावा. पार्किंगमधल्या उंदरांचे हे आवडते खाद्य. बूस्टरची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचे, मग दाबून धरून इंजिन सुरू करायचे. पेडल किंचित खाली गेले की बूस्टर ठीक.

पेडल खाली जात असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर गॅरेजपर्यंतही गाडी चालवत नेऊ नये. टो करून न्यावी किंवा मेकॅनिकला पार्किंगमध्ये बोलवावे. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागेत, वीसच्या वेगात घ्यावी. घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर नव्हे.

पुन्हा गाडी बराच काळ ठेवायची असेल तर ती सपाट जागी गिअरमध्ये उभी करावी, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर, चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावाव्यात आणि हँडब्रेक सोडून द्यावा.