‘मराठी संगणकावर चालत नाही’

१९९०च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे एक वाक्य सर्रास कानावर येई : ‘मराठी संगणकावर नीट चालत नाही.’ छापखान्याचा मालक हे म्हणे, बँकेतला कारकून म्हणे आणि नुकताच संगणक घेतलेला घरातला मुलगाही म्हणे. बोलणाऱ्याला त्यात काही वादग्रस्त वाटत नसे. पावसात छत्री लागते, तशीच ही एक माहिती. हिंदी, गुजराती, बंगाली बोलणाऱ्या माझ्या मित्रांकडूनही आपापल्या भाषेबद्दल हेच ऐकले आहे. मी भाषांतराचे आणि संपादनाचे काम करतो, त्यामुळे या वाक्याशी माझा रोजचा संबंध आला. ते खरे होते का, आणि खरे असेल तर दोष कोणाचा होता, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आपली लिपी यंत्राला जड जाते, ही तक्रार संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. विल्यम कॅरीने श्रीरामपूरला १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत. १८१०चा त्याचा कोश मात्र मोडीत निघाला. पुढे छापील मराठीने बालबोध म्हणजे देवनागरीच पत्करली आणि मोडी हाताच्या लिखाणापुरती उरली. देवनागरी जुळवायची तर मात्रा, काने, रफार, जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे लागत. इंग्रजीच्या जुळाऱ्याचे काम त्याहून पुष्कळ कमी खणांत भागे. टंकलेखन यंत्र आले तेव्हा अडचण आणखी उघडी पडली, कारण तिथे मोजक्या कळांवर सगळा संसार मांडायचा होता. मग अनेक जोडाक्षरे मोडून हलन्त देऊन लिहिली जाऊ लागली. सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी हाही यंत्राच्या सोयीसाठी लिपीला वळण लावण्याचाच प्रयत्न होता. म्हणजे यंत्र आणि लिपी यांचे जुळले नाही, की वाकायचे लिपीने, हे जणू आधीच ठरलेले होते.

संगणकाच्या बाबतीत प्रथमच कोणीतरी उलट बाजूने विचार केला. १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ हे तंत्र घडवले. पुढे हे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्यामागची कल्पना साधी होती. संगणकाने अक्षराचे चित्र साठवू नये, अक्षर साठवावे. ‘क्त’ हे जोडाक्षर कागदावर कसेही दिसो, स्मरणात ते क, हलन्त आणि त असेच असावे. दाखवण्याच्या वेळी चित्र काढावे. या विचारातून ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे मानक आले आणि १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते प्रसिद्ध केले. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच असल्यामुळे एकच सांकेतिक क्रम सर्वांना पुरला. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकाचेही तसेच आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि इंग्रजी ‘के’च्या कळीवर देवनागरीतही ‘क’, बंगालीतही ‘क’, तेलुगूतही ‘क’. एका लिपीत हात बसला की दुसरी लिपी अर्धी येते.

बाजाराने मात्र वेगळी वाट धरली. डीटीपी आले आणि पुस्तकाच्या पहिल्या पानांवर ‘अक्षरजुळणी’ या शब्दापुढे मुद्रणालयाऐवजी घरगुती व्यवसायांची नावे दिसू लागली. त्यांना उद्या पान हवे होते, मानकाची वाट पाहायला वेळ नव्हता. संगणकात तेव्हा २५६ खुर्च्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच रोमन अक्षरांनी अडवलेल्या. फाँट बनवणाऱ्यांनी त्याच खुर्च्यांवर मराठी आकृत्या बसवल्या : कुठे अर्धा ‘त’, कुठे काना, कुठे नुसता रफार. यंत्राच्या लेखी लिखाण रोमनच राहिले, वर फक्त मराठी मुखवटा चढला. उदाहरणार्थ, ‘क्रुतिदेव’मध्ये टाइप केलेल्या ‘मराठी’ या शब्दावरून फाँट काढून घ्या; खाली ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे उरतात. ‘श्रीलिपी’ची बैठक निराळी, ‘आकृती’ची निराळी, ‘शिवाजी’ची आणखी निराळी. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात नेला की खिचडी.

या लोकांना मी नावे ठेवणार नाही. दोन दशके मराठी प्रकाशन त्यांच्यामुळे स्वस्त झाले. दिवाळी अंक, गावोगावची नियतकालिके, शाळेची हस्तपुस्तके त्यांनीच उभी केली. कागदावर पान देखणे येई, आणि कागद हाच शेवट आहे असे सगळ्यांनीच धरले होते. पण ‘चालत नाही’ हे मत जन्मले ते इथेच. ईमेलने पाठवलेला लेख समोरच्याकडे उघडत नसे. एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ पाहायचे तर आधी त्याचा फाँट उतरवून घ्या, आणि दुसऱ्या वृत्तपत्रासाठी दुसरा. शोध घेणे, अकारविल्हे लावणे, शुद्धलेखन तपासणे यांतले काहीच होत नसे. कारण संगणकाला तिथे मराठी दिसतच नव्हती.

यावरचा उपाय कागदोपत्री तयार होता. १९९१च्या ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने इस्कीचाच आराखडा उचलला. देवनागरी, बंगाली, गुरुमुखी, गुजराती, उडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम अशा एकेका लिपीला १२८ घरांची आळी मिळाली आणि प्रत्येक आळीत ‘क’ त्याच क्रमांकाच्या घरात राहायला गेला. अनेक भाषांत वाचणाऱ्याला यापेक्षा सुरेख नकाशा क्वचितच सापडेल. पण नकाशा झाला म्हणून रस्ता होत नाही. सर्वसामान्यांच्या संगणकात भारतीय लिप्यांची सोय आली ती विंडोज २०००पासून. त्यानंतरच्या एक्सपीतही ती आधी चालू करावी लागे, आणि त्यासाठी मूळ सीडी लागे. ती किती घरांत होती, हे सांगायला नको.

मोबाइलनेही आधी तोच धडा गिरवला. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत, देवनागरीत ७०. आणि त्या ७०मध्ये काना, मात्रा, हलन्त वेगवेगळे मोजले जात. ‘नमस्कार’ म्हणण्यातच सात जात. पैसे वाचवायचे तर मराठी रोमनमध्ये लिहायची, ही सवय एका पिढीच्या बोटांत बसली. पुढे लोक म्हणू लागले की तरुणांना देवनागरी नको आहे. आवड म्हणून सांगितली गेलेली ही गोष्ट मुळात दरपत्रकातून आली होती.

सामाईक नकाशात मराठीचे स्वतःचे काही घरगुती प्रश्नही होते. हिंदी वाचकाला ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक वाटणार नाही. मराठीत पहिला शब्द गुरूंसाठी आहे, दुसरा स्वयंपाक्यांसाठी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. या दुसऱ्या, पापणीसारख्या आडव्या ‘र’साठी युनिकोडने वापरले ते ‘ऱ’ हे अक्षर. त्या तक्त्यात ते ठेवले होते द्राविडी भाषांतला एक विशिष्ट ‘र’ नागरीत लिहिण्यासाठी. दक्षिणेसाठी मांडलेल्या पाटावर मराठी येऊन बसली, आणि मला त्याचा आनंदच आहे. अडचण एवढीच, की साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही हीच आकृती काढता येते. डोळ्याला दोन्ही सारखी, यंत्राला दोन वेगळे शब्द.

‘ॲ’ची कथा तशीच. ‘ॲसिड’, ‘बॅट’ हे उच्चार मराठीत कधीचे रुळलेले. तरी सुटा ‘ॲ’ युनिकोडमध्ये आला तो २००८मध्ये, ५.१ या आवृत्तीत. राज्य शासनाने २००९मध्ये वर्णमाला ठरवली तेव्हा तीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना जागा दिली. तोवर कोणी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवले, कोणी हिंदीतला ‘ऍ’ घेतला. आजही एकच शब्द या तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो, आणि एका तऱ्हेने शोधणाऱ्याला दुसऱ्या दोन तऱ्हांचे लेखन हाती लागेलच असे नाही.

हे सगळे केवळ तंत्रज्ञांचे भांडण नाही, हे मला काही वर्षांपूर्वी एका कामात दिसले. महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी मंडळाच्या त्रैमासिकातील निवडक लेखांचे संपादन माझ्याकडे होते. १९६०-७०चे अंक पिवळे पडलेले, कोपरे झडलेले, पण वाचता येत होते. १९९७ ते २००५ या काळातले काही अंक मात्र छापील रूपात उरलेच नव्हते. होत्या त्या फायली. त्या उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा चुरा. ज्या फाँटमध्ये त्या केल्या होत्या तो शोधायलाच तीन आठवडे गेले. रूपांतर करणारी प्रणाली मिळाली, तिने बहुतेक मजकूर सोडवलाही. पण ऱ्हस्व वेलांट्या एक अक्षर पुढे सरकल्या, आणि लग्नघरच्या पंगतींवरच्या एका लेखात यजमान आचार्यांना रवा भाजायला सांगू लागले. ते हसून दुरुस्त करता येते. दोन फायली कशानेच सुटल्या नाहीत. त्यांतल्या एकीत त्या शहरातल्या गिरणीतल्या मराठी कामगारांच्या आठवणी होत्या, असे अनुक्रमणिका सांगते. सांगणाऱ्यांपैकी आता कोणी नाही.

साठ वर्षांपूर्वीचा कागद वाचता येतो आणि वीस वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, अशी ही उलटी गंगा आहे. आज नवे मत ऐकू येते : ‘इंटरनेटवर मराठीत काही सापडत नाही.’ सापडत नाही यातले बरेचसे लिहिले गेलेले आहे, पण अक्षरांत नाही, आकृत्यांत. आणि आजची यंत्रे भाषा शिकतात ती अक्षरांत असलेल्या मजकुरावरून. त्या दोन दशकांची मराठी त्यांच्या लेखी झालीच नाही.

मंडळांच्या कपाटांत, छोट्या प्रकाशकांच्या टेबलाखाली, निवृत्त अक्षरजुळणीकारांच्या घरी अशा सीडी अजून आहेत. कोणत्या फाइलला कोणता फाँट, हे त्यांतल्या काही जणांना अजून आठवते. ते विचारून सीडीच्या पाकिटावर पेनने लिहून ठेवले, तरी पुढच्या संपादकाचे तीन आठवडे वाचतील. उरलेले काम मग बसून करता येईल : रूपांतर करायचे, वेलांट्या जागेवर आणायच्या, आणि प्रत्येक ‘र्या’पाशी थांबून पाहायचे, की इथे गुरू अभिप्रेत आहेत की स्वयंपाकी.