धडकेनंतर डोळ्यांची हालचाल का तपासावी?

कबड्डीच्या मैदानावर दोन डोकी एकमेकांवर आपटली की खेळ क्षणभर थांबतो. तोंडावर पाणी मारले जाते, ‘बोटे किती?’ असे विचारले जाते आणि उत्तर बरोबर आले की खेळाडू पुन्हा मैदानात उतरतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील प्रेक्षकांना हे दृश्य परके नाही. मात्र समोर स्थिर धरलेली बोटे मोजता आली म्हणजे मेंदू सुखरूप आहे, असे नव्हे. मेंदूला हादरा बसल्यास, म्हणजेच कन्कशन झाल्यास, दृष्टी शाबूत राहूनही डोळ्यांच्या हालचालीवरील नियंत्रण बिघडू शकते.

प्रत्येक डोळा सहा स्नायूंच्या आधारे फिरतो. त्यांना आज्ञा मिळते ती मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ यांच्या एकत्रित कामातून. चढाईपटूला ३० सेकंदांत समोरच्या सात जणांवर लक्ष ठेवावे लागते. एका कोपरारक्षकावरून दुसऱ्यावर नजर झटक्यात उडी घेते, पुढे सरसावणाऱ्या बचावपटूचा ती सलग पाठलाग करते आणि मान वळली तरी लक्ष्यावर स्थिर राहते. जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात. या क्रियेला अभिसरण म्हणतात. धडकेत मेंदूतील लांब तंतू ताणले गेले की यांपैकी एक वा अनेक क्रिया मंदावतात. सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही, कारण बिघाड रचनेपेक्षा कार्यात असतो.

अभिसरणाची तपासणी सोपी आहे. पेनाचे टोक हातभर अंतरावरून सावकाश नाकाकडे आणायचे आणि ते कोठे दुहेरी दिसू लागते, ते अंतर मोजायचे. निरोगी मुलामध्ये हे अंतर साधारणतः पाच-सहा सेंटिमीटरच्या आत असते. अमेरिकेतील टेम्पल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, कन्कशनचे निदान होण्याइतका मोठा मार नसतानाही, डोक्याला वारंवार लागलेल्या लहान धक्क्यांनंतर हे अंतर वाढल्याचे आढळले. फुटबॉल डोक्याने टोलवणाऱ्यांचाही त्यात समावेश होता. आपल्याकडे कबड्डीतील धक्के कोण मोजतो?

केवळ दमल्यामुळेही नजर मंदावते का, हा प्रशिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील प्रयोगात सलग तीन तास सायकल चालवल्यावर डोळ्यांच्या उड्यांचा वेग घटला, पण कॅफिन दिल्यावर तो टिकून राहिला. म्हणजे थकवा येतो तो डोळ्यांच्या स्नायूंपेक्षा मेंदूतील नियंत्रणाला. मात्र थोडा वेळ जोरकस व्यायाम केल्याने वेगाने अंक वाचण्याच्या चाचणीचा वेळ सहसा वाढत नाही. सरावाने तो किंचित कमीच होतो. तीन पत्त्यांवरील अंक भराभर वाचण्याच्या या किंग-डेव्हिक चाचणीत, २०११ च्या एका अभ्यासानुसार, डोक्याला मार बसलेल्या मुष्टियोद्ध्यांना लढतीनंतर अधिक वेळ लागला होता. त्यामुळे धडकेनंतर नजर अडखळत असेल, तर ‘दमला असेल’ म्हणून विषय सोडून देणे धोक्याचे. मैदानाबाहेर दहा-पंधरा मिनिटे बसवून तपासावे. हंगामाच्या आरंभी प्रत्येक खेळाडूचे अंतर व वेळ नोंदवून ठेवल्यास तुलना सोपी होते.

लक्षणे उशिराही उमटतात. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे हेल्मेटवर चेंडू बसूनही रवींद्र जडेजाने डाव पूर्ण केला. नंतर चक्कर येऊ लागल्याने त्याच्या जागी युजवेंद्र चहल गोलंदाजीस उतरला. शाळकरी खेळाडूला असा बदली खेळाडू मिळाला, तरी त्याचा त्रास वर्गात सुरू होतो. ओळी सुटतात, अक्षरे पसरतात, फळ्यावरून वहीवर नजर आणताना डोके दुखते. घरच्यांना वाटते, चष्म्याचा नंबर वाढला किंवा अभ्यासाचा कंटाळा आला. दुकानातील अक्षरांच्या तक्त्यावर नजर मात्र उत्तम निघते, कारण तो तक्ता हलत नाही. दहावीच्या वर्षात हा गैरसमज विशेष महाग पडतो.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, गुंगी, दुहेरी दिसणे किंवा दोन्ही बाहुल्या असमान दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जवळचे रुग्णालय गाठणे पहिले; उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे. अशा रुग्णाला लोकलच्या गर्दीतून मुंबईला नेण्याचा मोह टाळावा.

इतरांसाठी २०२२ च्या अ‍ॅम्स्टरडॅम परिषदेतील मार्गदर्शन असे: संशय येताच खेळ बंद, त्याच दिवशी पुनरागमन नाही. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, मोबाइल कमी. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. बफेलो विद्यापीठाने १३ ते १८ वर्षे वयाच्या खेळाडूंवर केलेल्या २०१९ च्या चाचणीत, लक्षणे फारशी वाढणार नाहीत इतपत रोजचा हलका व्यायाम करणारे सरासरी १३ दिवसांत सावरले. फक्त ताणाचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले. चालणे, मग धावणे, मग एकट्याने पदलालित्याचा सराव, अशा पायऱ्या घ्याव्यात. प्रत्येकीला किमान एक दिवस द्यावा. शाळा पूर्ववत झाल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच पकडीचा सराव सुरू करावा.