वत्सगुल्मापर्यंतची वाट

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा म्हणून वाशीम सर्वांस ठाऊक आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्याचे जुने नाव, 'वत्सगुल्म', विसरू नये. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. आणि कनौजच्या प्रतीहार दरबारातील राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचा विवाह लावून दिला तोही याच नगरात.

कथा अशी. सरस्वती ब्रह्मसभेस निघाली, तिच्यामागे काव्यपुरुष निघाला. ब्रह्मदेवाच्या अनुज्ञेवाचून तेथे येणे बरे नव्हे, असे सांगून आईने त्याला परतविले. नियम खराच होता; पण मुलगा रागाने चालता झाला. मित्राच्या वियोगाने कुमार रडू लागला, तेव्हा गौरीने साहित्यविद्यावधू निर्मून त्या रुसलेल्याच्या मागे धाडली. ती पूर्वेस गेली, पांचालात गेली, अवंतीत गेली, दक्षिणेत आली. जागोजागी वेष, नृत्य, गीत बदलीत राहिली.

येथे राजशेखराचे एक मार्मिक निरीक्षण आहे. काव्यपुरुष वश झाला नव्हता तेव्हा त्याचे बोलणे समासांनी आणि अनुप्रासांनी जड होते, ती गौडी. थोडा निवळला, ती पांचाली. पुरता प्रसन्न झाला तेव्हा भाषा समासरहित झाली, ती वैदर्भी.

हा रीतिविचार आम्हांस मुक्तस्रोत संगणकप्रणालींच्या संदर्भात वारंवार आठवतो. १९८३ साली जीएनयू प्रकल्पाची घोषणा झाली, १९९१ साली लिनक्स आले. येथे शिकविणारे बहुतेक स्वयंसेवक. नवखा मनुष्य लिनक्स बसवितो, देवनागरी जोडाक्षरे फुटतात, तो त्रासून काहीबाही विचारतो. आणि जाणता उत्तरतो, 'आधी माहितीपुस्तिका वाच.' २००१ साली एरिक रेमंड यांनी प्रश्न कसे विचारावेत यावर लिहिलेल्या गाजलेल्या लेखातही शिस्तीचा भार मुख्यतः विचारणाऱ्यावरच आहे. पुढे २०१८ साली खुद्द लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सहकाऱ्यांशी वागण्यातील आपल्या कठोरपणाबद्दल जाहीर क्षमा मागितली, आणि लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांनी आचारसंहिता स्वीकारली.

जाणत्याचा वैताग खोटा नाही. तोच प्रश्न शंभराव्यांदा, तोही पदरच्या वेळात, कोण ऐकेल? सरस्वतीही चुकली नव्हती. पण नवख्याचा गुंतलेला, चिडका प्रश्न ही त्याची गौडी आहे. तीवरून त्याची पात्रता ठरवू नये. आधी त्याची अडचण खरी मानावी, पडद्यावर नेमके काय दिसले ते विचारावे, एका वेळी एकच पायरी सांगावी. त्याच्या रागाची भाषा मात्र उचलू नये. साहित्यविद्येनेही ती उचलली नाही. भीती ओसरली की प्रश्न आपोआप सुटसुटीत होतो.

आणि दिलेले उत्तर लिहून ठेवावे. साहित्यविद्येने एकासाठी धारण केलेला वेष त्या त्या प्रदेशातील स्त्रियांनी उचलला आणि त्याची 'प्रवृत्ती' झाली, असे राजशेखर सांगतो. एकाची समजूत घालताना पुढच्या अनेकांची सोय होते, ती अशी.

आम्ही शिक्षकही वर्गात पुष्कळदा सरस्वतीचा नियम तेवढा सांगतो. रुसून गेलेल्यामागे वत्सगुल्मापर्यंत चालत जाण्याचे काम मात्र राहून जाते.