टोपालोव–आनंद, बारावा डाव (२०१०)

बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे ११ मे २०१० रोजी जागतिक बुद्धिबळ अजिंक्यपदाच्या लढतीत खेळला गेलेला अखेरचा नियमित डाव. पांढरी मोहरी व्हेसेलिन टोपालोवकडे, काळी विश्वनाथन आनंदकडे होती. आनंदने ५६ चालींत डाव जिंकला, लढत ६.५–५.५ अशी घेतली आणि जगज्जेतेपद राखले.

लढतीची सुरुवात आनंदसाठी कठीण होती. आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेने विमाने ठप्प झाल्याने फ्रँकफर्टहून तो मोटारीने सोफियाला पोहोचला आणि पहिलाच डाव हरला. अकरा डावांनंतर गुण समसमान होते. बारावा डाव बरोबरीत सुटला असता, तर जलद डाव खेळावे लागले असते. त्यात आनंदचा दबदबा असल्याने जोखीम घेण्याची निकड टोपालोवलाच अधिक होती.

अशा दिवशी आनंदने निवडला तो क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डमधला जुना, भक्कम लास्कर बचाव. इमॅन्युएल लास्करच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत काळ्याचा घोडा सातव्या चालीला ई४ घरात जातो. मग उंट-घोड्यांची मारामारी होते आणि काळ्याचा आखडलेला डाव मोकळा होतो. भपका नाही, पण पांढऱ्याला पकडायला दुबळी जागाही सापडत नाही. निर्णायक डावासाठी यापेक्षा शहाणी निवड नव्हती.

डाव फिरला तो ३१व्या आणि ३२व्या चालीला. आनंदचा उंट ए८ या कोपऱ्यातल्या घरात होता आणि त्याच्या कर्णावर पांढऱ्याचे एफ३ प्यादे आडवे उभे होते. टोपालोवने आधी एफ५वरचे प्यादे मारले. आनंदने ई४ खेळून आणखी एक प्यादे पुढे केले आणि तेही टोपालोवने एफ३वरच्या प्याद्याने मारले. आडोसा गेला, कर्ण थेट राजापर्यंत उघडला. काळ्या वजिराने ई४वर शह दिला, पांढरा राजा एच३वर बाहेर पडला. यानंतरची ३४वी चाल या डावाचे खरे सौंदर्य आहे : आनंदने वजीर शांतपणे ई८वर मागे घेतला. शह नाही, मारामारी नाही, तरीही उघड्यावरच्या राजाभोवती फास आवळला गेला. पुढे टोपालोवला वजीर गमवावा लागला. हत्ती आणि घोडा घेऊन तो काही काळ झुंजला, पण ५६व्या चालीनंतर त्याने डाव सोडला.

या लढतीतील पाच निकाली डावांपैकी काळ्या मोहऱ्यांनी जिंकलेला हा एकमेव डाव होय.