सुवासिनी कोणाची?

श्रावणातल्या आयतारांच्या, म्हणजे रविवारांच्या, पूजेला गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत शेजारणींना बोलावणे जाते. कोणाला जायचे आणि कोणाला टाळायचे, हे एका शब्दावर ठरते : सुवासिनी, म्हणजेच बोलीतली सवाष्ण. नवरा हयात असलेली बाई, एवढाच अर्थ आज आपण त्यात पाहतो. संस्कृत कोशांत मात्र तिचा वेगळा अर्थही नोंदला आहे : बापाच्या घरी राहणारी मुलगी, लग्न झालेली असो वा नसो. 'स्ववासिनी' असेही रूप सापडते, आपल्या माणसांत राहणारी. त्यात नवऱ्याचा उल्लेख कुठेच नाही.

'विधवा'ची गोष्ट याहून बोलकी आहे. शाळेत आपल्याला फोड शिकवतात : वि आणि धव, धव म्हणजे नवरा. यास्काच्या निरुक्तातही अनेक व्युत्पत्तींत ही एक आहे, पण तिथे धव म्हणजे नुसता माणूस. ऋग्वेदात 'विधवा' आहे, नवरा या अर्थी 'धव' मात्र नाही. लॅटिनमधली 'विदुआ', इंग्रजीतली 'विडो', रशियनमधली 'व्दोवा' या तिच्याच बहिणी. मूळ भाव दुरावण्याचा, एकटे पडण्याचा. भाषाशास्त्रज्ञांच्या मते 'धव' हा शब्द 'विधवा'ची चुकीची फोड करून मागाहून घडवला गेला. पुढे त्यावर 'सधवा' उभी राहिली. एका बाईचे दुःख सांगणाऱ्या शब्दातून आपण नवरा काढला आणि त्याच्यावरून सगळ्या बायकांची प्रतवारी लावली. मला हे फार अन्यायाचे वाटते.

ही प्रतवारी मोडता येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने 4 मे 2022 रोजी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. पंधरवड्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले.

गोव्यात तर कायदा या शब्दांच्या कितीतरी पुढे आहे. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला नियम असा : लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर मालमत्ता दोघांची, निम्मी निम्मी. नवरा गेला तरी बायकोचे निम्मे तिचेच राहते. ते कोणी वारसाहक्काने तिला 'देत' नाही. नवरा हयात असतानाही तिच्या सहीवाचून जमीन विकता येत नाही. मोपा विमानतळानंतर पेडण्यातल्या जमिनींना भाव आला आहे, तेव्हा त्या सहीची किंमतही वाढली आहे. हळदीकुंकवाला न बोलावलेली तीच बाई कागदावर अंगठा उठवायला मात्र सगळ्यांना हवी असते.

म्हणून घरातल्या काकीला, वहिनीला सांगा : विक्रीपत्र कोणा आपल्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नकोस. घराबाहेर काढण्याची धमकी कोणी दिली, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि महिला हेल्पलाइनचा क्रमांक 181 आहे.